चक्क्याचं फडकं

माझ्या मैत्रिणीला दूध चालत नाही. पचत नाही असं नव्हे, अजिबात चालत नाही. कॉलेजात असताना तिने बिनदुधाचा म्हणून केकचा एक तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. हॉस्पिटलपर्यंत रिक्षात मी तिच्या शेजारी होते. तिचा प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टर मला म्हणाले, काय काय पोटात गेलंय ते सगळं सांगा. तेव्हापासून तिच्या वडिलांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

यंदा तिला पुण्याला नोकरी लागली. बाटलीतली क्रीम लिकर सगळे पितात, मी नुसता वास घेते, असं ती एकदा म्हणाली होती. म्हणून निरोपाची भेट म्हणून नारळाच्या दुधाची लिकर करायचं मी ठरवलं. स्कार्फ बांधूनच दुकानात गेले आणि रम आणली. स्कूटीवरच्या स्कार्फवाल्या मुलीला या शहरात कुणी ओळखत नाही. आई भिशीला गेल्यावर नारळ खवला, गरम पाण्यात वाटला. गाळणीतून चोथा खाली येत होता, म्हणून खिडकीच्या खिळ्यावरचं पांढरं मऊ फडकं घेतलं आणि त्यातून दूध पिळलं. ते साखर आणि कॉफी घालून मंद आचेवर आटवलं. गार झाल्यावर व्हॅनिला आणि रम घातली.

फ्रिजमधली बाटली पाहून आईने विचारलं.

"कॉफी आहे. तिच्यासाठी."

"नारळाच्या दुधात कॉफी? माझ्या माहेरी गंगापूरला सांगितलं तर हसतील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाटली मैत्रिणीच्या दारात तिच्या हातात दिली आणि आत काय आहे ते हळूच सांगितलं. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : दूध नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पाडव्याची तयारी सुरू होती. दुपारी आईने खिळ्यावरचं फडकं काढलं, पातेल्यावर पसरलं आणि त्यात दही ओतलं.

"हे फडकं कशाचं आहे?" मी विचारलं.

"चक्क्याचं. अजून कशाचं?"

"साबणाने धुतेस ना?"

"साबण लावला की श्रीखंडाला वास येतो. गरम पाण्यातनं काढते नुसतं. पंधरा वर्षं झाली, एकदा साबण लावला नाय त्याला."

मी मैत्रिणीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला, परत तेच. तिसऱ्यांदाही तिने उचलला नाही. बाटलीवरचं माझंच अक्षर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ते वाचून ती निर्धास्तपणे प्याली असणार.

मग तिच्या वडिलांचा नंबर लावला. काकांशी मी "नमस्ते" पलीकडे कधी बोलले नव्हते.

"काका, ती कुठंय? तिला ती बाटली उघडू देऊ नका. मी काल दिलेली."

"कोणती बाटली? कशाची?"

"त्यात दूध गेलंय. चुकून."

ते म्हणाले, "बेटा, नीट सांग. त्यात काय काय आहे?"

आई दह्याच्या पुरचुंडीला गाठ मारत होती. पाणी थेंबथेंब पातेल्यात पडत होतं. कॉफी म्हणून मला सुटता आलं असतं. पण ती प्याली असेल, तर डॉक्टर पुन्हा तेच विचारणार होते.

"नारळाचं दूध, कॉफी, साखर, व्हॅनिला," मी म्हणाले. "आणि रम."

आईचे हात थांबले.

पलीकडे चपलांचा आवाज, दार वाजल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मी त्या शांततेत शिट्टी शोधत होते.

"अगं, काय झालं?" तिचा आवाज आला. "मी अंघोळीला गेले होते."

"प्यालीस?"

"झाकण उघडून वास घेतला फक्त. तू आलीस की पिणार होते."

मी तिला अजून दोन वाक्यं बोलायला लावली. आवाज स्वच्छ होता. मग मी भिंतीला टेकून खाली बसले.

आई अजून पुरचुंडी धरून उभी होती.

"माझ्या फडक्यातनं दारू गाळली?"

"नाही. फक्त नारळ."

मला वाटलं, आता बाबांना हाक मारेल.

"अन् ती पोरगी?"

"बरी आहे."

"मग रडती कशाला," ती म्हणाली आणि पुरचुंडी नळाला टांगली.

बाबांना तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पाडव्यानंतर ओट्यावर कोऱ्या मलमलीचा एक तुकडा घडी करून ठेवलेला दिसला. कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा टाका होता. "हे तुझं. माझ्या फडक्यात मिसळू नको," एवढंच ती म्हणाली.

त्या फडक्यातून, घासून उकळलेल्या भांड्यांत मी दुसरी बाटली केली. मैत्रिणीने पुण्याला जायच्या आधी माझ्यासमोर ती उघडली. पहिला घोट घेऊन तिने डोळे मिटले, काहीतरी छानसं बोलली. काय बोलली ते मला आठवत नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होते आणि मनात मिनिटं मोजत होते.