घोडीवर बसून बोललो ती सकाळ

आमच्याकडे यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात. यंदा यात्रेला आमच्या घोडीवर मी बसायचं की नाही, हे माझे चुलते, आप्पा, त्या सकाळी ठरवणार होते. मी रोज मोटरसायकलवरून शिरूरला कॉलेजला जातो. भीती वाटली की गुडघ्यांनी टाकी आवळायची सवय. घोडीलाही मी तसंच आवळत होतो आणि वर लगाम खेचत होतो. ती बिचारी जागच्या जागी फिरत राहिली.

आप्पा म्हणाले, "आरं, गुडघ्यानं पळ म्हणतोस आन् लगामानं थांब बी म्हणतोस. तिनं करायचं काय? कालिजात काय शिकवत्यात ते सांग मला, मोठ्यानं."

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण हे कुणी विचारलं नव्हतं. अडखळत मी मातीच्या थरांबद्दल सांगू लागलो. बोलता बोलता श्वास मोकळा झाला, मांड्या सैल पडल्या, लगाम नुसता बोटांत राहिला. घोडी आपसूक चालू लागली, मग दुडक्या चालीने धावू लागली. बांधाजवळ मी फक्त जड बसून श्वास सोडला, आणि ती थांबली.

"मातीचं काय बी समजलं न्हाई," आप्पा हसले, "पर यात्रेला तूच बस."

बारावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.