सुस्तावलेली बुरशी

दार वाजलं की आधी हात धुवायच्या, मग उघडायच्या. चहाचं आधण दोघींचं ठेवायच्या, मी येणार नसले तरी. भाजी घेताना डाग पडलेलं पान पहिलं उचलायच्या. भाजीवाली म्हणायची, "बाई, चांगला माल सोडून कचराच कसा हो तुमच्या हाताला लागतो?" बोलता बोलता थांबून कुंडीतलं पान उलटं करून बघायच्या. कुंडी कुणाचीही असो.

माझ्या शेजारच्या खोलीत त्या एकट्या राहत. सगळे त्यांना बुरशीमावशी म्हणत. बाजरीवर करपा पाडणारी बुरशी त्या संशोधन केंद्रात काचेच्या नळ्यांत सांभाळत. प्रत्येक नळी वेगळ्या शेतातली.

"डाग तर सगळे सारखेच," मी एकदा म्हटलं. मी साहित्य शिकलेली.

"जुळी पोरंही सारखीच दिसतात. एकाला डोळे वटारले की गप्प. दुसरं अंगावर येतं."

एका शेतातली बुरशी ज्या वाणापुढे हात टेकते, तोच वाण दुसरीकडची फस्त करते.

बाजरीचा नवा वाण त्यांनीच तपासला होता. करप्यापुढे टिकतो, असं कळवलं होतं. पेरणीसाठी त्याचं बियाणं वाटलं जाणार होतं. एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"माझी चूक झाली गं."

नळीत आयतं खाऊन बुरशी सुस्तावते. म्हणून त्या दर हंगामात तिला जिवंत पानावर वाढवून परत नळीत घ्यायच्या. गेल्या हंगामात त्यांची आई अंथरुणाला खिळली, मग गेली, आणि ते राहून गेलं. नव्या वाणावर फवारली ती हीच सुस्त बुरशी. वाण टिकला, की बुरशीच चावली नाही?

केंद्राचे साहेब त्यांना म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

"माझ्या पायावर पडू दे. लोकांच्या शेतावर नको."

"मग ताज्या बुरशीपुढे वाण पडतो हे दाखवा. दाखवलंत तर बियाणं अडवतो."

बाजरी अजून उभी होती अशा लांबच्या शेतात आम्ही बसने गेलो. करपलेली पानं कागदात घालून आणली. परतताना त्या म्हणाल्या, "तू नसतीस तर हे मी कुणाला सांगितलं असतं?"

त्या पानांवरची बुरशी वाढली. एका सकाळी जिन्यावरून ओरडल्या, "आज फवारते गं!"

दुपारी केंद्रातून फोन आला, त्या काचघरात कोसळल्या आणि गेल्या. त्यांच्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा होता.

त्यांचं सामान आणायला गेले तेव्हा साहेबांनी काचघर दाखवलं. नव्या वाणाच्या रोपांच्या दोन रांगा. पहिलीवर जुनी बुरशी फवारून झालेली. दुसरीच्या कडेला शेतातून आणलेल्या बुरशीची फवारणीची बाटली, भरलेली. त्यातलं पाणी आता आंबलं होतं.

"पुढचं कोण करणार?" मी विचारलं.

"त्यांची जागा भरेपर्यंत बियाणं निघून जाईल."

बाहेर पोती गाडीत चढत होती. दुसऱ्या रांगेवर अजून काहीच फवारलं नव्हतं.