बिडाचा तवा आणि आत्यांचा हात

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. लग्न होऊन लोह्याहून अहमदपूरला आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि बिडाच्या तव्याला तर दुसऱ्या कुणी हात लावायचाच नाही. धपाटं टाकायच्या आधी त्या तव्यावर वीतभर उंच तळहात धरायच्या. "अजून न्हाई," म्हणायच्या, नाहीतर काही न बोलता धपाटं टाकायच्या. मला त्यातलं काही उमगायचं नाही. शाळेत शिकवायला जायच्या घाईत मी गॅस मोठा करायचे आणि माझं धपाटं मधे काळं, कडेला कच्चं निघायचं.

मग त्यांना कॅन्सर निघाला. लातूरला केमो झाली. आजार आटोक्यात आला, पण केमोच्या औषधांनी हातापायांची बोटं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, कुणाची जाणीव हळूहळू परत येते, कुणाची येत नाही.

घरी आल्यावर थोडी ताकद आली तशा एका सकाळी त्या तव्यापाशी उभ्या राहिल्या. ओल्या फडक्यावर थापलेलं धपाटं तव्यावर पालथं घातलं. फडकं सोडवताना बोटं तव्याला टेकली आणि तशीच राहिली. त्यांना कळलंच नाही. मला वास आला म्हणून मी वळले आणि त्यांचा हात ओढून नळाखाली धरला. त्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"चटका बी बसंना गं मला," एवढंच म्हणाल्या.

त्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं तवा माळ्यावर टाकला आणि हलका, न चिकटणारा तवा आणला. आत्यांची जखम भरली, पण त्या स्वयंपाकघरात येईनात. पाणीसुद्धा बाहेरच्या खोलीतून मागायच्या. जेवण निम्म्यावर आलं. मला ते बघवेना. एका रविवारी मी नवऱ्याला बिडाचा तवा खाली काढायला लावला. गंज चढला होता. चिंचेनं घासला, धुऊन गॅसवर कोरडा केला, तेल चोळलं. मग दारापाशी खुर्ची ठेवली आणि त्यांना हाताला धरून आणलं.

"आत्या, इथं बसा. मला सांगा कसं करायचं ते."

"मी काय सांगू? माझा हातच गेला."

मी गॅस पेटवला. त्यांनी तव्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी शिंपड."

मी शिंपडलं. आवाज झाला नाही.

"थंड हाय. पण गॅस वाढवू नको. बीड उशिरा तापतंय, अन् तापलं की लौकर निवत न्हाई."

थोड्या वेळानं पुन्हा शिंपडलं. थेंब चुर्र करून विरले. "आता टाक." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दोन-तीन धपाटी झाली आणि पुढच्या वेळी थेंब मण्यांसारखे तव्यावरून पळाले. चुर्र ऐकू आलं नाही तशा त्या म्हणाल्या, "लई तापला. गॅस बंद कर. जरा थांब, मग टाक." बंद गॅसवर, नुसत्या तव्याच्या उष्णतेवर ते धपाटं भाजलं. आत्यांनी तेच मागून खाल्लं.

पुढचे रविवार असेच गेले. एकदा त्या उठून ओट्याशी आल्या.

"एक मी टाकते."

"आई, नको," नवरा बाहेरून म्हणाला.

मी त्यांचं मनगट धरलं. फडकं त्यांनी सोडवलं, बोटं किती खाली जाऊ द्यायची ते मी बघितलं. धपाटं उलटताना त्यांचा श्वास जोरात चालला होता. त्या एकाच धपाट्यानं दमल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

पावसाळा सरता सरता आजार उलटला. शेवटी शेवटी पेजेशिवाय काही जात नव्हतं. एका दुपारी त्या गेल्या.

आत्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला नांदेडहून नणंद आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ती म्हणाली, "वहिनी, धपाटी करतेस का?" मी बिडाच्या तव्यावर केली. नवरा, नणंद आणि मी, आम्ही तिघं स्वयंपाकघरातच खाली बसलो. नणंदेनं पहिलं संपवलं आणि ताट पुढं करून आणखी एक मागितलं.