गोळीवाली जोडीदारीण

“अर्धी तुही, अर्धी माही.” असं म्हणत ती हातात आलेली कोणतीही वस्तू आधी मोडायची. भाकरी, गुळाचा खडा, सुपारी, काहीही. मोठा तुकडा हमखास माझ्याकडे सरकवायची. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. त्यांच्याशी धड भांडताही येत नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

उंद्रीत आमची घरं पाठीला पाठ लावून. मी कुणब्याची, ती मुसलमानाची. मी तिला भाभी म्हणायची, ती मला बाई. कापसाच्या वेचणीला आमची जोड होती. जोड म्हणजे दोघींनी कपाशीच्या शेजारशेजारच्या ओळी, म्हणजे तास, धरायचे, वेचलेला कापूस एकाच गाठोड्यात टाकायचा आणि मजुरी निम्मी-निम्मी घ्यायची. बोंडअळीला दाद न देणारं बीटी बियाणं आल्यापासून बोंडं एकदमच फुटायची, त्यामुळे चांगल्या जोडीला मागणी असे. भाभीचे दोन्ही हात सारखे चालायचे. त्याचाही मला हेवा होताच.

मग एकाच हंगामात दोघींच्याही छातीत गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं, किमो झाली, दोघींचेही केस गेले. इथवर सगळं जोडीनं. नंतर डॉक्टरीणबाईंनी तिला एक गोळी सुरू केली, रोज, कितीतरी वर्षं घ्यायची. मला काहीच नाही.

“मले काऊन नाही?” मी विचारलं.

“तुमची गाठ वेगळ्या प्रकारची आहे. तिला ही गोळी लागू पडत नाही.”

मला वाटलं, रक्ताचाच फरक असणार. त्यांच्यात तसं, आमच्यात असं. तसं मी विचारलंही. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, गोऱ्या देशांतल्या बायकांपेक्षा आपल्याकडे आणि आफ्रिकी वंशाच्या बायकांत हा बिनगोळीचा प्रकार जास्त दिसतो. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण एका गावातल्या दोघींची गाठ काही जातधर्म बघून ठरत नाही. म्हणजे आता कधी न पाहिलेल्या गोऱ्या बायकांचाही हेवा करणं आलं.

एसटीत भाभी मला समजावत होती. “बीटी बोंडअळीले चालते. तुडतुड्याले चालते का? तसंच असन.”

“तुही अळी, माहा तुडतुडा,” मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी गोळी. जेवण झालं की ती डोळे मिटून गिळायची, आणि मी जळायची. त्या गोळीच्या रूपानं तिच्या मागे कोणीतरी उभं होतं, माझ्या मागे कोणी नव्हतं.

पुढच्या वेचणीत दुपारी आम्ही बांधावर बसलो होतो. तिनं पदराची गाठ सोडली, दगडावर ठेवून गोळी मोडली आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला.

“अर्धी तुही, अर्धी माही. जोड हाय ना आपली?”

खरं सांगते, मला ती गिळावीशी वाटली. लागू पडो न पडो, गोळी ती गोळी. तळहातावर घेऊन मी बसून राहिले. मग उठले आणि दोन्ही तुकडे तिच्याच तोंडात कोंबले.

“गीळ! माह्यासमोर गीळ!”

ती गिळता गिळता रडली. मीही रडले, पण माझ्या रडण्यात राग जास्त होता. त्यानंतर ती गोळी घ्यायची ती माझ्याकडे पाठ करून.

वर्षं गेली. गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेना, आणि भाभीची कंबर दुखायला लागली. आजार हाडांत गेला होता. माझी तपासणी मात्र साफ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा प्रकार उलटायचा तर बहुतेक पहिल्या काही वर्षांतच उलटतो. तिचा कधीकधी फार उशिरा परततो, गोळी नीट घेतली तरी.

खाटेवर पडल्या पडल्या भाभी म्हणाली, “बाई, तुहीच गाठ बरी निघाली. आता मले तुहा हेवा वाटून राह्यला.”

“मंग घे ना. अर्धं तुहं, अर्धं माहं.”

ती हसली. “हे नाही मोडत, बाई.”

त्या वर्षीची बोंडं फुटायच्या आधीच ती गेली.

वेचणीला आता मी एकटीच तास धरते. नव्या पोरी जोड मागतात, मी होकार देत नाही. दुपारी बांधावर बसून सवयीनं भाकरी मोडते आणि दोन्ही तुकडे मीच खाते. लोक म्हणतात, तू नशिबाची. असेन. पण मला अजून तिचाच हेवा वाटतो. जोडीवाचून तास धरायची पाळी तिच्यावर कधी आली नाही.