जाळीतून भरलेला चुडा

बांगड्या भरणाऱ्या बिस्मिल्लाबीला लोणखेड्याच्या रस्त्यावर सगळे ओळखतात. ती नवरीचा हात असा दाबते, की बांगडी कधी चढली ते कळतच नाही. पण रस्ता चौपदरी झाला आणि मधोमध छातीएवढी लोखंडी जाळी बसली. पलीकडे जायला वाट सोडली ती पार लांब, एका पुढाऱ्याच्या हॉटेलासमोर.

त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या हर्षालीची हळद होती आणि बिस्मिल्लाबी तिला चुडा भरायला निघाली होती. जाळीपाशी उभा असलेला रस्त्याच्या कामावरचा साहेब तोंडातला गुटखा सांभाळत बोलला, "म्हावशी, फुढे यू-टर्न आहे ना! तिथून वळा."

"मी काय ट्रक शे का रे, वळाले?" बिस्मिल्लाबी त्याच्या लाल तोंडाकडे बघत म्हणाली. "गाड्यासले वाट, आनि पायी चालनारा कोठे मरो?"

तिने पलीकडे हाक मारली. हळदीने माखलेली हर्षाली आईबरोबर धावत आली आणि तिने जाळीतून हात घातला. धूर आणि हॉर्नच्या बोंबाबोंबीत हिरवा चुडा भरून झाला.

"घर ये ना व, गोड खावाले," हर्षालीची आई म्हणाली.

"तुन्हा घरले येवाले आते एस्टी धरनी पडी!" असं म्हणून बिस्मिल्लाबी जाळीवर पचकन थुंकली.