आवृत्ती तिसरी, आवाज घरचा

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, त्यांच्या गटातले लोक ‘कोठावळे’ म्हणतात. ते आडनाव नव्हे, कोठार राखणारा म्हणून दिलेली पदवी आहे, आणि भाऊजींना ती मनापासून आवडते. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं त्यांनी फायलींना नंबर घातले. निवृत्त झाल्यावर माणसानं जरा मोकळं व्हावं, झाडांना पाणी घालावं. यांनी वेबसाइटींना नंबर घालायला घेतले.

वेबसाइटीसुद्धा साध्यासुध्या नाहीत. कुठल्या कंपनीच्या मशीनवर न ठेवता गटातली माणसं त्या आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. ज्याच्याकडे प्रत असेल त्यानं मागणाऱ्याला द्यायची. मालक कुणीच नाही. पानावरचा एक स्वल्पविराम हलला तरी नवी आवृत्ती होते, तिला नवा लांबलचक पत्ता मिळतो, आणि जुन्या पत्त्यावर जुनी आवृत्ती तशीच राहते. हे सगळे पत्ते तारीखवार एका यादीत लावायचे, ही भाऊजींची कामगिरी. बारभाईची शेती, काय लागणार हाती, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “तुला नाही कळायचं ते. आमच्याकडे काही पुसलं जात नाही.”

आल्यागेल्याला खुर्चीत बसवून ते जुन्या आवृत्त्या दाखवतात. एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या पानाच्या चाळीस आवृत्त्या आहेत, त्यातल्या सत्तावीस मी पाहिल्या. सव्विसावीत दुकान साडेनऊला उघडायचं, सत्ताविसावीत दहाला. “बघ, हा इतिहास,” म्हणाले. इतिहास कसला, त्या माणसाला उशिरा जाग यायला लागली, एवढंच. मी उठले, तरी त्यांनी अठ्ठाविसावी उघडलीच.

त्याच घरात ताई अंधशाळेतल्या मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायची. स्वयंपाकघराचं दार लावायचं, फ्रिजचं बटण बंद करायचं आणि ओट्यापाशी स्टुलावर बसून वाचायचं. एकवीस धडे झाले. भाऊजींनीच ते गटाच्या साइटवर चढवले, ती शाळेच्या पानाची तिसरी आवृत्ती. वर्षभरानं शाळेच्या समितीला आवाज घोगरा वाटला. त्यांनी एका निवेदिकेकडून सगळे धडे पुन्हा वाचून घेतले आणि चौथी आवृत्ती निघाली. ताई म्हणाली, “मुलांना नीट ऐकू आलं म्हणजे झालं.” घोगरेपणा कशामुळे होता ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

परवा ताईनं वहीत लिहून माझ्यापुढे धरलं, ‘मला माझा आवाज ऐकायचाय. कसा होता ते विसरायला लागलेय.’

मी तिला घेऊन भाऊजींच्या खोलीत गेले. ते खूशच झाले. “तिसरी आवृत्ती ना? ही काढली बघ.” खरंच अर्ध्या मिनिटात काढली. तारीख होती, वेळ होती, हातभर लांब पत्ता होता. त्यावर टिचकी मारली, तर पडद्यावर एक गोल फिरायला लागला. पाच मिनिटं फिरला आणि खाली अक्षरं आली, ‘या आवृत्तीची प्रत सध्या कुणाकडेही नाही.’

मग गटातल्या लोकांना फोनाफोनी. औषधांचे दुकानवाले म्हणाले, “मी जागा करायला काढून टाकली हो. म्हटलं, मास्तरांकडे असेल.” मास्तर म्हणाले, “कोठावळ्यांकडे असणारच, असं धरून चाललो.” सात जणांना फोन झाले. यादी प्रत्येकाकडे होती, अठरा हजार ओळींची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते ऐकलं होतं, इथं तर नाकच नव्हतं. मूळ रेकॉर्डिंग ताईच्या जुन्या फोनवर होतं. तो बदलताना भाऊजींनीच पुसून दिला होता, साइटवर आहे ना, म्हणून.

“आणि तुमच्याकडची प्रत?” मी विचारलं.

“जागेचा प्रश्न असतो गं. सगळंच ठेवता येत नाही.”

“सायकलवाला चाळीस वेळा ठेवलात.”

ते यादी बंद करायला लागले. ताईनं त्यांचा हात बाजूला केला, माऊस स्वतःकडे ओढला आणि तिसऱ्या आवृत्तीची ओळ उजवीकडे सरकवत नेली. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. खात्यातली सवय, भाऊजी शेरा मारल्याशिवाय काही सोडत नाहीत. तिथं लिहिलं होतं, ‘आवाज घरचाच आहे. प्रत केव्हाही घेता येईल.’

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. ताईनं त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबली. भाऊजींना बोलता येत होतं. ते काही बोलले नाहीत.