गवताच्या बियाण्यासाठी आज हार्वेस्टर लावला

मंडळी, संध्याकाळपासून कोणाशी तरी बोलावंसं वाटून राहिलं, म्हणून इथं लिहिते.

आमचं शेत जळकोटजवळ. देवणी गाईंसाठी चाऱ्याचं गवत लावतो, त्याचं बियाणंही धरतो. आज ते काढायला हार्वेस्टर आला. चालवणारे अजीमभाई दरवर्षीचेच. उतरताच म्हणाले, "वहिनी, भाऊ कुठं हायत? सेटिंगला तेच लागतात मला."

त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "उन्हाळ्यात गेले ते."

त्यांनी मशीन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "आता मशीनमागं कोण थांबणार?"

"मी थांबते."

गवताचं बी लई हलकं. पंख्याची हवा जास्त झाली की भुशाबरोबर उडून जातं. भुशात बी जातंय का ते बघायला मी मशीनमागे चादर धरून चालले. पहिल्याच फेरीत चादरीत बीच बी! हवा कमी केली, तर बी साठतं त्या टाकीत नुसता कचरा. मग चाळणी बदलली, मळणीच्या ड्रमचा वेग उतरवला. दुपार होत आली तेव्हा कुठं चादरीत निव्वळ भुसा पडला.

मी टाकीतून मूठभर बी घेतलं आणि वळून म्हणाले, "अहो, बघा की!"

मागं नुसतं कापलेलं रान होतं.

बियाणं चांगलं निघालं. घरी आणून सावलीत पसरलं, गाईंना पाणी दाखवलं, एकटीपुरता चहा ठेवला.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांना विचारते, काही चांगलं झालं तर तुम्ही आधी कोणाला सांगता?